तिसऱ्या दिवशी मेलेली हुमणी

१

पद्मजाबाईंनी गाडीचं दार उघडून एक पाय खाली टेकला, आणि दानेश्वरीने त्या पायाशीच टोपलं उपडं केलं.

टोपल्यात मेलेल्या रेशीमअळ्या होत्या. दोन दिवसांपूर्वी त्या बोटाएवढ्या, पांढऱ्याशुभ्र असणार; आता आखडून निम्म्या झाल्या होत्या आणि तोंडाशी हिरवट पाणी वाळलं होतं. पद्मजाबाईंना पाय मागे घ्यावासा वाटला, पण भोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांनी दुसराही पाय खाली ठेवला.

"बगा," दानेश्वरी म्हणाली. "चार दिसांत कोष करायला बसणार हुत्या. तीन रॅकपैकी दोन साफ झाल्यात. तुमचं ते आरेन्येचं पाणी माज्या तुतीत उतरलं, दुसरं काय न्हाय."

पद्मजा देशिंगकर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात कीटकशास्त्र शिकवत होत्या. निवृत्तीला सात महिने उरले होते. तीन वर्षं त्या कोडोलीला येत होत्या ते चन्नाप्पांच्या उसात, हुमणीसाठी. हुमणी म्हणजे उसाची मुळं कुरतडणारी पांढरी अळी. विष न वापरता ती मारायची, हा त्यांचा ध्यास. पहिली दोन वर्षं प्रयोग फसला. यंदा ऑगस्टमध्ये त्यांनी मुळांशी आरएनएचं पाणी सोडलं आणि हुमणी मेली. सप्टेंबरात वर्तमानपत्रांत फोटो आले. येत्या रविवारी कोल्हापुरात सत्कार होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

दानेश्वरी ही चन्नाप्पांच्या पुतण्याची बायको. तिची तुती चन्नाप्पांच्या उसाला लागून, उताराच्या अंगाला.

"दानेश्वरी, हे माझ्या औषधानं झालेलं नाही," पद्मजाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "होऊच शकत नाही. कशानं झालं ते मी शोधून देते. चार दिवस दे मला."

"शोधा. पर आदी ह्ये सांगा." दानेश्वरीने पदर खोचला. "हवा एक, शेड एक, हात माजेच. मग पहिल्या रॅकची एक अळी मेली न्हाय ती कशी?"

पद्मजाबाई शेडकडे निघाल्या.

२

शेडमध्ये पहिल्या रॅकवरच्या अळ्या तुतीचा पाला खात होत्या. पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा त्यांचा आवाज येत होता. पलीकडचे दोन रॅक धुऊन मोकळे ठेवले होते. दाराशी दानेश्वरीची सासू बायडाबाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाकीची माणसं बाहेरून डोकावत होती, आणि त्यांच्या पुढे चन्नाप्पा उभे होते. पासष्टीचा सरळ माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर टॉवेल.

पद्मजाबाई वर्गात शिकवावं तशा बोलू लागल्या.

"प्रत्येक जिवाच्या पेशीत कामाच्या चिठ्ठ्या फिरतात. हे बनव, ते बनव. त्या चिठ्ठ्या आरएनएच्या असतात. किड्यांच्या पेशीत एक पहारेकरीही असतो. दुहेरी धाग्याचा आरएनए दिसला, की हा शत्रूचा, असं तो समजतो आणि त्याचे बारीक तुकडे करतो. एकेक तुकडा जेमतेम एकवीस अक्षरांचा. ते तुकडे घेऊन तो पेशीभर हिंडतो. तुकड्याशी जुळणारी चिठ्ठी सापडली, की फाडून टाकतो. आम्ही हुमणीच्या आतड्याचं अस्तर दुरुस्त ठेवणारी चिठ्ठी निवडली आणि तिचाच दुहेरी धागा पाण्यात दिला. हुमणीचा पहारेकरी आपलीच चिठ्ठी फाडत बसतो. अस्तर झिजतं, खाणं सुटतं, दहा-बारा दिवसांत ती मरते. रेशीमअळीची चिठ्ठी वेगळी. शिवाय तिच्या पोटातला रस असा असतो, की आपला धागा पेशीपर्यंत पोचायच्या आधीच विरघळतो. आणि मातीत तर तो दोन-तीन दिवसही टिकत नाही. पाणी सोडून आता अडीच महिने झाले."

"बाई खोटं बोलायच्या न्हाईत," चन्नाप्पा बाहेरच्या माणसांकडे वळून म्हणाले. "त्या दिशी म्या हुतो की हितं. त्या पान्याला त्यांनी तान्ह्या लेकरागत जपलं. ऊन लागू ने म्हनून ड्रमावर वलं पोतं घातलं. आसलं पानी कुनाचा जीव घील व्हय?"

पद्मजाबाईंना बरं वाटलं. त्या बळावरच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो विचारायला नको होता, हे त्यांना फार उशिरा कळलं.

"शेडमध्ये तंबाखू येते का? मिसरी लावलेल्या हातानं पाला टाकला तरी अळ्या अशाच मरतात." त्यांची नजर बायडाबाईच्या बोटांवर गेली. "तुझ्या सासूबाई लावतात ना मिसरी?"

बाहेर कुणीतरी हसलं. बायडाबाईने बोटं पदराखाली घेतली.

"तीन वर्सं झाली सोडून," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्या अळ्यांपायीच सोडली."

दानेश्वरीचा चेहरा लाल झाला. "आनि काय इचारायचं ऱ्हायलंय?"

"पाला. कुठल्या रॅकला कुठला?"

"पहिल्या रॅकला हिरीकडचा. बाकीच्या दोन्हीस्नी वड्याकडचा. ऑगस्टात छाटणी केलती, त्येचाच ह्यो नवा फुटवा. आसं वाटून घेतलं म्हंजे कापनी फिरती ऱ्हाती. आता जावा. माज्या सासूला गावापुढं बोल लावून झाला, तेवडं बास झालं."

पद्मजाबाई तुतीच्या रानात उतरल्या. विहिरीकडचा पाला हिरवागार होता. ओढ्याकडचाही तितकाच हिरवागार. डोळ्यांना काही म्हणजे काही फरक दिसत नव्हता. त्यांनी दोन्हीकडचा पाला ओळीओळीनं वेगळ्या पिशव्यांत भरला, पिशव्यांवर आकडे घातले, आणि मान वर केली, तर पलीकडच्या बांधावर उभा राहून एक माणूस त्यांच्याकडे बघत हसत होता.

३

"या पावणं," तो म्हणाला. "माज्यावर नाव घालाय आलासा न्हवं?"

उदयसिंह. त्याचं रान तुतीच्या पलीकडे. बांधावरून दानेश्वरीच्या घराशी त्याचं दोन वर्षं भांडण, हे पद्मजाबाईंनी ऐकलं होतं. त्याच्या मोटारघराच्या दारात औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीगच होता.

"इतकी औषधं मारता?"

"मारतो की. लपवून न्हाय मारत. हुमणीचं मारतो, खोडकिडीचं मारतो, तणाचं मारतो." त्याने पायातली चप्पल काढून झटकली. "पर बाई, तुमी एवड्या शिकलेल्या, पानी कुठनं कुठं वाहतंय त्ये तर बगा. चन्नाप्पाचं रान वर. मदी तुती. माजं सगळ्यांत खाली. माजं पानी डोंगर चढून तिच्या तुतीत जाणार हाय व्हय?"

पद्मजाबाईंनी बघितलं. खरं होतं. पाट चन्नाप्पांच्या उसातून निघून तुतीत उतरत होता आणि तिथून खाली उदयसिंहाकडे.

"फवारा वाऱ्यानं उडतो," त्या म्हणाल्या.

"उडला आसता तर ह्या कडंच्या समद्या वळी गेल्या आसत्या. हिरीकडच्या कशा ऱ्हायल्या?" तो आता हसत नव्हता. "आनि भांडान माजं मानसांशी हाय. अळ्यांनी माजं काय केलंय? एक सांगतो, पटलं तर बगा. तुमी पानी सोडलं त्येच्या दुसऱ्या दिशी सकाळी मी ह्या पाटानं आलतो. गांडुळं वर येऊन मेलती. ढीगभर. रातकिडं उताणी पडलती. मी म्हनलं, बाईंचं औशिद लई जालीम दिसतंय."

"कुठल्या बाजूला?"

"वड्याच्या."

पद्मजाबाई बांधावर तशाच उभ्या राहिल्या. गांडुळाशी त्यांच्या धाग्याचा एकही तुकडा जुळत नव्हता. गांडूळ मरायचं कारण नव्हतं.

मनाच्या तळाशी काहीतरी हललं. ते काय, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते तिथेच दाबलं आणि गाडीत बसल्या.

४

शाहूपुरीतल्या तपासणी केंद्राने दोन दिवसांनी अहवाल दिला. पद्मजाबाईंनी तो जिन्यातच उघडला.

विहिरीकडच्या ओळींचा पाला स्वच्छ. ओढ्याकडच्या प्रत्येक ओळीत कीटकनाशक. तेही साधं वरून फवारायचं नव्हे. हुमणीसाठी मुळांशी ओततात ते, मुळांतून चढून पानापानांत जाऊन बसणारं. मातीत महिनोन् महिने राहणारं. रेशीमअळीला त्याचा थेंबाचा शंभरावा भागही पुरतो.

म्हणजे कुणीतरी विष ओतलं होतं. कुठे?

त्यांनी जिन्याच्या पायरीवर बसून अहवालाच्या पाठीमागे रानाचा नकाशा काढला. चन्नाप्पांच्या उसाचे प्रयोगासाठी दोन भाग केले होते. विहिरीकडच्या भागात 'अ' ड्रम, ओढ्याकडच्या भागात 'ब' ड्रम. एकात साधं पाणी, एकात आरएनए, म्हणजे फरक कळावा. मधे सुतळी बांधली होती. ती सुतळी तुतीपर्यंत लांबवली, तर बाराव्या आणि तेराव्या ओळीच्या मधून जात होती. बारावी ओळ स्वच्छ. तेराव्या ओळीत विष.

दानेश्वरी सुटली. आपल्याच तुतीला कुणी सुतळी लावून अर्धं विष घालत नाही. उदयसिंहही सुटला. विष 'ब' ड्रममधूनच आलं होतं, मुळांशी पडलं होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर पाटानं खाली उतरलं होतं.

'ब' म्हणजे आरएनएचा ड्रम. पण ते कुणालाच माहीत नव्हतं! दोन्ही ड्रम एकसारखे निळे, दोन्हींतलं पाणी एकसारखं नितळ. ओतणाऱ्या गड्यांना कळू नये म्हणूनच अक्षरं टाकली होती. 'ब' म्हणजे काय, हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं.

एक त्या स्वतः.

दुसरी प्रेरणा. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी, गडमुडशिंगीहून रोज बसने येणारी, सहा वर्षं त्यांच्याबरोबर राबलेली. दोनदा फसलेल्या प्रयोगामुळे जिचा प्रबंध अडला होता. जिला यंदा निकाल हवाच होता.

पद्मजाबाई उठल्या. त्यांना राग आला होता, आणि राग आल्याचं त्यांना जरा बरंच वाटत होतं.

५

प्रयोगशाळेत प्रेरणा एकटी नव्हती. तीन ज्युनिअर विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. त्यांना बाहेर पाठवायला हवं होतं. पद्मजाबाईंनी पाठवलं नाही.

"प्रेरणा, 'ब' ड्रममध्ये काय घातलंस तू?"

प्रेरणाने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. "काय म्हणालात मॅडम?"

"विष घातलंस. हुमणी मरावी म्हणून. त्या विषानं त्या बाईच्या अळ्या मेल्या." त्यांनी अहवाल टेबलावर आपटला. "माझ्या नावावर, माझ्या तीस वर्षांच्या कामावर, तुझ्या एका पदवीसाठी..."

एका विद्यार्थ्याने नजर सूक्ष्मदर्शकात घातली आणि तशीच ठेवली.

प्रेरणाने अहवाल वाचला, सावकाश, दोनदा. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"मॅडम, हुमणी कितव्या दिवशी मेली?"

"पंधरा दिवसांच्या आत."

"तसं आपण लेखात लिहिलंय. मी विचारतेय, कितव्या दिवशी?"

पद्मजाबाईंनी तिच्या हातातला अहवाल मागे घेतला.

"तिसऱ्या दिवशी," प्रेरणा म्हणाली. "माझ्या वहीत आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी 'ब'मधल्या हुमण्या उलट्या पडून तडफडत होत्या. मी तुम्हाला रानातच म्हटलं होतं, मॅडम, आपला धागा इतक्या लवकर मारत नाही. तुम्ही म्हणालात, 'पंधरा दिवसांच्या आत' लिही, ते खोटं नाही."

ते खोटं नव्हतंच. तिसरा दिवस पंधराव्याच्या आतच असतो.

"मग मी त्यातल्या आठ हुमण्या बर्फात घालून आणल्या. त्यांच्या पेशीतली ती अस्तराची चिठ्ठी मोजली. आठच्या आठ हुमण्यांत चिठ्ठी शाबूत होती. एकही फाटलेली नव्हती. म्हणजे आरएनएचं काम सुरू व्हायच्या आधीच हुमणी दुसऱ्याच कशानं तरी मरत होती." प्रेरणाने ओढणीने नाक पुसलं. "ते आकडे मी गणपतीच्या सुट्टीआधी तुमच्या टेबलावर ठेवले होते. मीच विष घातलं असतं, तर ते आकडे तुम्हाला कशाला दिले असते?"

पद्मजाबाईंना तो कागद आठवत होता. निळ्या फायलीत होता. त्यांनी तो वाचला होता, 'नमुने खराब, पुन्हा करावे' असा शेरा मारला होता आणि फाईल कपाटात सर्वांत खाली सरकवली होती. त्याच आठवड्यात वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला होता.

तीन विद्यार्थी ऐकत होते, त्यांतल्या एकाची तर यंदा पहिलीच सहामाही. माफी मागायला तोंड उघडलं, पण शब्द आला तो भलताच.

"मग कुणी घातलं?"

"ते मला माहीत नाही," प्रेरणा म्हणाली. "पण 'ब' म्हणजे काय, हे आपल्या दोघींनाच माहीत होतं, हे खरं नाही मॅडम. त्या दिवशी बर्फ कमी पडला होता. मी म्हटलं होतं, दोन्ही ड्रमवर सारखाच घालू. तुम्ही ऐकलं नाही."

आता सगळं लख्ख दिसलं. ऑगस्टातली उघडीप, कडक ऊन, दोन निळे ड्रम. उरलेला सगळा बर्फ त्यांनी स्वतःच्या हाताने 'ब'भोवती रचला होता. वरून ओलं पोतं. 'अ' ड्रम उन्हात तसाच. ज्याला डोळे होते त्याला त्यांनी स्वतःच दाखवून दिलं होतं, की खरं पाणी कुठलं.

आणि ते पोतं भिजवून आणून देणारा माणूस एकच होता. परवा शेडच्या दारात भर गावासमोर तो ते बोललाही होता.

"मी गाडी काढते," प्रेरणा म्हणाली.

दोघी वारणेच्या रस्त्याला लागल्या.

६

चन्नाप्पा सोप्यात बसून दोरी वळत होते. पद्मजाबाईंनी चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच विचारलं.

"अप्पा, ड्रममध्ये औषध तुम्ही घातलंत?"

त्यांच्या हातातला पीळ सुटला. त्यांनी तो पुन्हा धरला, नीट गाठ मारली आणि दोरी बाजूला ठेवली.

"व्हय बाई. म्या घातलं."

आतून गौराबाई, त्यांची बायको, चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली.

"तुमी दोघी भाकरी खायाला घरात आलासा, तवा. दोन बाटल्या. वास येनारं न्हवतं, बगून आनलंतं." ते पद्मजाबाईंच्या पायांकडे बघून बोलत होते. "गेल्या सालाला ते सायेब लोक आलते बगा. हुमणी जिती निगाली. त्ये हसलं. ते गेल्यावर तुमी बांदावर बसून तोंडाला पदर लावून रडलासा. मला म्हनलासा, अप्पा, पुढल्या साली बी आसंच झालं तर मी ह्या वाटंला परत यायची न्हाई. तीन वर्सं ह्या घरात जेवलेलं मानूस. मला बगवंना झालं."

"म्हणून तुम्ही..."

"म्या म्हनलं, हुमणी मरू दे एकडाव. बाईंची मान वर ऱ्हाऊ दे. त्ये इख मुळातनं पाटाला जाईल, पाटातनं तुतीला जाईल, ह्ये माज्या डोस्क्यात आलं न्हाय."

"आणि अळ्या मेल्या तेव्हा?"

चन्नाप्पांनी डोळे मिटले. "तवा कळलं."

गौराबाईने ट्रे खाली ठेवला. कपांतला चहा बशीत सांडला.

"तवा कळलं?" ती म्हणाली. "पोरगी चार दिस जेवली न्हाय. बायडाअक्काला मिसरीचा बोल लागला. आन तू तितं हुबा राहून पोत्याचं कौतिक सांगत हुतास?"

"मी बोललो आसतो तर बाईंचं समदं खोटं ठरलं आसतं गं."

खोटंच होतं ते. पद्मजाबाई भिंतीला टेकल्या. आपला धागा काम करत होता की नव्हता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. चांगला असता तरी विषाने त्याला वेळच दिला नव्हता. अप्पांनी ओतलं ते एकदा. आपण मात्र ते रोज झाकत आलो, तिसऱ्या दिवसापासून. माहीत नव्हतं असं नाही. माहीत करून घ्यायचं नव्हतं.

"माज्यावर घाला," चन्नाप्पा म्हणाले. "मी सांगतो गावात, की तुमचा प्रयोग झाल्यावर मागनं मी माज्या रानाला औशिद घातलं. तुमचं नावच येनार न्हाय. रविवारी सत्कार हाय न्हवं?"

असं म्हटलं तर कुणाला कळणार होतं? विष कधी घातलं, ते अहवालात नव्हतं. चन्नाप्पांच्या रानात चन्नाप्पांनी औषध घातलं, एवढीच गोष्ट. पद्मजाबाई हा हिशेब करत होत्या, एक क्षण, दोन क्षण, आणि मान वर केली तर प्रेरणा त्यांच्याकडे बघत होती. प्रेरणाच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती थांबली होती. बाई आता काय करतात, याची वाट बघत.

त्या नजरेपुढे पद्मजाबाईंना इतकं लहान वाटलं, की तिथून धावत निघून जावं.

"नाही अप्पा," त्या म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर. दोघांनीही सांगायचं आहे."

गौराबाईने दाराआडचा टॉवेल काढून नवऱ्याच्या अंगावर टाकला. "चल," ती म्हणाली. "मी बी येतो."

७

दानेश्वरीच्या शेडमध्ये पहिल्या रॅकच्या अळ्या कोष करायला लागल्या होत्या. ती आणि बायडाबाई पिकलेल्या अळ्या वेचून जाळीच्या चंद्रिकेवर सोडत होत्या. शेजारपाजारच्या चार बायका मदतीला आल्या होत्या. चौघांना एकदम दारात बघून सगळ्यांचे हात थांबले.

पद्मजाबाईंनी वाटेत मनात वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवेना.

"अळ्या माझ्या प्रयोगामुळे मेल्या," त्या म्हणाल्या. "'ब' ड्रममध्ये विष होतं."

"ते म्या घातलं," चन्नाप्पा मागून म्हणाले. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"यांनी घातलं. पण ते कळायच्या खुणा माझ्यासमोर होत्या. हुमणी तिसऱ्या दिवशी मेली, तेव्हाच मला थांबायला हवं होतं. या प्रेरणानं मला लेखी दाखवलं होतं. मी ते कपाटात टाकलं, कारण मला निकाल आवडला होता. तेव्हाच शोधलं असतं, तर ओढ्याकडचा पाला तुम्ही घातलाच नसता. आज सकाळी मी तिच्यावरच आळ घेतला, विद्यार्थ्यांसमोर. उद्या त्यांच्यासमोरच तिची माफी मागेन. लेख मागे घेतेय. सत्कार होणार नाही." त्यांनी श्वास घेतला. "आणि बायडाबाई, तुम्हाला मी गावासमोर बोलले. माझं चुकलं."

बायडाबाईच्या तळहातावर एक अळी होती, तोंडातून धागा काढत मान हलवणारी. ती तिने सांभाळून चंद्रिकेवर सोडली.

दानेश्वरी चन्नाप्पांकडे बघत होती. "मामाजी," ती म्हणाली, "तुमी मला ह्या घरात आनलंसा. लगीन तुमीच जमवलंतं." चन्नाप्पा खाली बसले, तिथेच, मातीत, आणि त्यांनी टॉवेलात तोंड घातलं. गौराबाई त्यांच्याजवळ गेली नाही. ती बायडाबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि अळ्या वेचू लागली.

मग दानेश्वरी पद्मजाबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"वड्याकडच्या पाल्यात त्ये इख किती दिस ऱ्हाईल?"

"मला माहीत नाही."

"छाटून टाकलं आन नवा फुटवा आला, तर त्यात उतरंल?"

"उतरेल बहुतेक. पण नक्की सांगता येत नाही."

"मातीतनं काढाय येतंय?"

पद्मजाबाईंनी नकारार्थी मान हलवली. तीस वर्षांत कुणाही विद्यार्थ्याने त्यांना लागोपाठ तीन प्रश्नांत असं निरुत्तर केलं नव्हतं.

"पुढली बॅच मला डिसेंबरात घ्याची हाय," दानेश्वरी म्हणाली. "निम्म्या पाल्यावर मी अळ्या कशा जगवू? ह्ये तुमाला म्हाईत न्हाय, मग कुनाला म्हाईत आसनार?"

"कुणालाच नाही. या मातीत, या तुतीत कुणी मोजलेलं नाही."

"मग शोधा की."

एवढं बोलून ती रॅककडे वळली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि तसं काही तिच्या पाठीवरही दिसत नव्हतं.

प्रेरणाने गाडीतून पिशव्या, खुरपं आणि लेबलं आणली. दोघी ओढ्याकडच्या तेराव्या ओळीत उतरल्या. पद्मजाबाई गुडघ्यावर बसल्या, मुळाशी वीतभर खणून माती काढली आणि पिशवीवर स्वतःच्या अक्षरात तारीख घातली. मग वेळ. मग खोली. प्रेरणाने वहीत तेच आकडे लिहिले आणि वही त्यांच्यापुढे धरली. पद्मजाबाईंनी ते पुन्हा ताडून बघितले. चौदावी ओळ. पंधरावी. खालच्या बांधावरून उदयसिंह बघत होता, पाटाच्या कडेला दोन-चार माणसं गोळा झाली होती. सत्ताविसावी ओळ होईपर्यंत ऊन कलायला लागलं.

तीन वर्षांत कोडोलीत असं पहिल्यांदाच झालं, की त्यांना कुणी चहापाण्याचं विचारलं नाही.